मार खाऊन उठणाऱ्याचे पुढे काय होते?

शाहूवाडी : चैत्राच्या सुमारास पन्हाळा-शाहूवाडीच्या डोंगरपट्ट्यात गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि यात्रांमागोमाग कुस्तीची मैदाने भरतात. नारळावर लागणाऱ्या पोरांच्या जोडीपासून पहिल्या क्रमांकाच्या इनामी कुस्तीपर्यंत हलगी थांबत नाही. या मैदानांतली सर्वांत मोठी टाळी दरवेळी विजेत्यालाच मिळते असे नाही. उचलून आपटलेला, क्षणभर निपचित पडलेला आणि मग माती झटकत पुन्हा खडाखडीला उभा राहिलेला मल्ल प्रेक्षकांना अधिक भावतो. 'गडी काटक आहे' एवढाच शेरा त्याच्याविषयी पुरतो. हजारो मैलांवरच्या लास व्हेगासमध्ये हेवीवेट मुष्टियोद्धा जबड्यावर ठोसा घेऊन हलला नाही, की तिथले जाणकार त्याची 'हनुवटी चांगली आहे' असे म्हणतात. शब्द वेगळे असले तरी समजूत एकच आहे. मार पचवणे हा अंगच्या कसाचा दाखला आणि पडून उठणे हा जिद्दीचा, अशी ती समजूत. वैद्यकशास्त्राचे म्हणणे निराळे आहे. ते या मैदानांपर्यंत अद्याप पुरतेसे पोचलेले नाही.

शाहूवाडीला लागूनच असलेल्या पन्हाळा तालुक्यातील बांदिवडे येथे २०१८ च्या यात्राकाळात झालेल्या मैदानात विशीतला एक होतकरू मल्ल डावात उचलला गेला आणि मानेवर आपटला. मानेला झालेली इजा जबर होती. काही दिवस मृत्यूशी झुंजल्यानंतर तो गेला. त्या कुस्तीची ध्वनिचित्रफीत मोबाइलवरून राज्यभर फिरली, हळहळ व्यक्त झाली, मैदानावर डॉक्टर हवा, मल्लांना विमा हवा, पंच प्रशिक्षित हवेत अशी चर्चा झाली. पुढच्या हंगामात मैदाने पूर्ववत भरली. त्यात गैर काही नाही. कुस्ती हा या मुलखाचा श्वास आहे. परंतु मार, मान आणि मेंदू यांचे नाते काय, हा प्रश्न त्या चर्चेत मागेच राहिला. त्याची उत्तरे शोधायची, तर ज्या खेळात डोक्यावरचा आघात हेच उद्दिष्ट असते त्या खेळाकडे, म्हणजे हेवीवेट मुष्टियुद्धाकडे पाहावे लागते. आघाताचा हिशेब त्या खेळाने पुष्कळ उशिरा, पण बराच तपशिलाने मांडला आहे.

ठोशाचे वजन

व्यावसायिक मुष्टियुद्धात २०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ९०.७ किलोच्या वरचा तो हेवीवेट. वरच्या बाजूला मर्यादा नाही. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये डेव्हिड हे हा ब्रिटिश मुष्टियोद्धा रशियाच्या निकोलाय वालुएवसमोर उभा राहिला, तेव्हा दोघांच्या वजनांत सुमारे ४५ किलोंचा फरक होता. (हेच जिंकला, हा भाग वेगळा.) इतर गटांत दोघांची शरीरे तराजूच्या काट्यावर सारखी करून घेतली जातात, हेवीवेटमध्ये ती सोय नाही. म्हणूनच या गटात एका ठोशाने निकाल लागण्याची शक्यता नेहमी डोक्यावर टांगलेली असते.

हा ठोसा नेमका किती भारी असतो, याचे एक गाजलेले मोजमाप १९८५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक क्रमवारीतला हेवीवेट फ्रँक ब्रुनो याने प्रयोगशाळेतील यंत्रावर मारलेल्या ठोशाचा वेग सेकंदाला ८.९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३२ किलोमीटर होता आणि त्याचे कमाल बल ४,०९६ न्यूटन भरले. सोप्या भाषेत, चारशे किलोहून अधिक वजनाचा भार एका क्षणापुरता मुठीएवढ्या जागेवर पडला. तो ज्याच्या डोक्यावर पडतो त्या मेंदूचे वजन जेमतेम १३०० ते १४०० ग्रॅम. कवटीच्या आत द्रवात तरंगणारा हा मऊ अवयव. सरळ नाकावर बसलेल्या ठोशापेक्षा हनुवटीवर आडवा बसलेला ठोसा अधिक घातक ठरतो, याचे कारण डोके मानेवर गर्रकन फिरते. कवटी फिरते, मेंदू क्षणभर मागे राहतो, मग ओढला जातो आणि या पिळात मेंदूतील लांबलचक मज्जातंतू ताणले जातात, काही तुटतात. जाणीव टिकवून ठेवणाऱ्या मेंदूच्या खोलवरच्या भागाचे काम खंडित झाले, की माणूस कोसळतो. जबड्याचे हाड किती दणकट आहे याचा यात फारसा संबंध येत नाही. 'काचेचा जबडा' हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांना प्रिय असला, तरी तो शरीरशास्त्राला धरून नाही.

मग एकजण त्याच ठोशाने आडवा होतो आणि दुसरा डोळ्यांची पापणीही हलू देत नाही, असे का? कॅनडाचा जॉर्ज शुवालो ९३ लढती खेळला. महंमद अलीशी दोनदा, जो फ्रेझर आणि जॉर्ज फोरमन यांच्याशी प्रत्येकी एकदा लढला आणि एकदाही जमिनीवर पडला नाही. या प्रश्नाचे पूर्ण उत्तर विज्ञानाकडे नाही. शरीराची जन्मजात ठेवण हा त्याचा एक भाग आहे. मानेचे बळ हा दुसरा, आणि तोच कमावता येण्यासारखा आहे. अमेरिकेत शालेय खेळाडूंवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मानेचे बळ एका पौंडाने वाढले की मेंदूला हादरा बसण्याची शक्यता पाच टक्क्यांनी कमी होते, असे आढळले. मान आणि खांदे ताठ असतील, तर डोके एकटे उडत नाही. त्याच्यामागे सगळे धड उभे राहते.

ही गोष्ट कोल्हापूरच्या तालमींना शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत पहाटे पाहावे. जोर-बैठकांइतकेच मानेच्या मेहनतीला महत्त्व असते. डोके मातीत टेकवून अंगाची कमान करायची, जोडीदाराला मानेवर झुलू द्यायचे, गळ्यात दगडी कडे अडकवून बैठका मारायच्या. पैलवानाची मान डोक्याहून रुंद दिसते ती उगीच नव्हे. एका अर्थाने, हेवीवेट मुष्टियोद्ध्याला हेवा वाटावा अशी मान शाहूवाडीचा पोरगा अठराव्या वर्षीच कमावून बसलेला असतो.

परंतु या बळाला एक अट आहे. मान ताठ करायला आघात येणार हे आधी कळावे लागते. मुष्टियुद्धात सर्वांत धोकादायक ठोसा तो, जो दिसत नाही. स्नायूंना सावध व्हायला वेळच मिळत नाही. कुस्तीत हाच प्रसंग उचलून फेकण्याच्या डावात येतो. दोन्ही पाय सुटलेले, हात अडकलेले आणि जमीन कुठल्या बाजूने येणार याचा पत्ता नाही. शिवाय इथे बलाची दिशाच बदलते. डोके खाली आणि सगळे धड वर अशा स्थितीत मल्ल पडला, तर स्वतःच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या वजनाचा भार मानेच्या मणक्यांतून सरळ खाली उतरतो. मान किंचित पुढे झुकलेली असेल, तर तिचा नैसर्गिक बाक नाहीसा होऊन ती एखाद्या सरळ काठीसारखी होते आणि काठी जशी मोडते तशी मोडते. मग कितीही कमावलेले स्नायू उपयोगी पडत नाहीत. तालमीतली माती रोज उकरली जाते, तिच्यात तेल, ताक, हळद मुरलेली असते; यात्रेच्या मैदानातली माती अनेकदा त्या दिवसापुरती नांगरलेली असते. वरून मऊ, खाली घट्ट.

आणखी एक फरक वजनाचा. आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल कुस्तीत वरच्या गटालाही १२५ किलोंची मर्यादा आहे. म्हणजे व्यावसायिक हेवीवेट मुष्टियुद्धापेक्षा हा नियम अधिक शहाणा. यात्रेच्या मैदानात मात्र पुष्कळदा काटाच नसतो. जोड लावणारे जाणकार दोघांना शेजारी उभे करतात, खांद्यावरून हात फिरवतात आणि अंदाजाने जोड ठरवतात. या नजरेचा अनुभव मोठा असतो, हे नाकारता येत नाही. पण पाच-सात किलोंचा फरक नजरेला दिसत नाही, मानेला मात्र जाणवतो.

दहा आकड्यांचा अवधी

मार सोसणे ही एक गोष्ट आणि मार लागल्यावर सावरणे ही दुसरी. मुष्टियुद्धाचे चाहते या दोन्हींची गल्लत करतात. शुवालो पडलाच नाही. टायसन फ्युरी पडतो आणि उठतो. १ डिसेंबर २०१८ रोजी लॉस एंजलिसमध्ये बाराव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत डिऑन्टे वाइल्डरच्या उजव्या-डाव्या ठोशांनी फ्युरी पाठीवर आडवा झाला, तेव्हा वाइल्डर जिंकल्याच्या थाटात वळला होता. पंचांचे आकडे पुरे होण्याआधी फ्युरी उठला, फेरी संपेपर्यंत लढला आणि लढत बरोबरीत सुटली. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या तिसऱ्या लढतीत तो चौथ्या फेरीत दोनदा खाली गेला आणि अकराव्या फेरीत त्यानेच वाइल्डरला संपवले. १९७९ मध्ये लॅरी होम्स सातव्या फेरीत अर्नी शेव्हर्सच्या ठोशाने कोसळला होता. अकराव्या फेरीत जिंकला तोच.

या दहा सेकंदांत शरीरात काय घडते? आघाताने मेंदूच्या पेशींतील क्षारांचा तोल बिघडतो. तो पूर्ववत करण्यासाठी पेशींना एकाएकी भरपूर ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा अपुरा पडतो. तोल सांभाळणारी आणि स्नायूंना आज्ञा देणारी यंत्रणा काही सेकंदांत परत येऊ शकते; उत्तम तंदुरुस्ती, हृदयाची क्षमता, अनुभव यांची त्याला मदत होते. कसलेला मुष्टियोद्धा लगेच उठत नाही. एक गुडघा टेकून आठपर्यंत थांबतो, मग प्रतिस्पर्ध्याला मिठी मारून वेळ काढतो. म्हणूनच सावरण्याचे कौशल्य शिकता येते. पण उभे राहता येणे म्हणजे बरे होणे नव्हे. पेशींमधला हा ऊर्जेचा तुटवडा कित्येक दिवस टिकतो. डोके दुखणे, उजेड सहन न होणे, झोप बिघडणे, चिडचिड, नुकतेच घडलेले न आठवणे ही त्याची बाहेरून दिसणारी चिन्हे. काही वेळा तीही दिसत नाहीत.

या काळात दुसरा आघात झाला तर? विशेषतः तरुण खेळाडूंमध्ये, पहिला हादरा पुरता ओसरण्यापूर्वी बसलेल्या दुसऱ्या, कधी कधी अगदी किरकोळ धक्क्याने मेंदूला झपाट्याने सूज येऊन मृत्यू ओढवल्याची प्रकरणे वैद्यकीय वाङ्मयात १९८० च्या दशकापासून नोंदली गेली आहेत. अशी प्रकरणे विरळ आहेत. परंतु त्यांतले बळी बहुतेक वीस वर्षांच्या आतबाहेरचे आहेत. यात्रेच्या मैदानात सर्वाधिक कुस्त्या लढणारे वय हेच.

हौशी मुष्टियुद्धाच्या नियमांनी यावर एक साधा उपाय केला आहे. डोक्यावरील ठोशामुळे लढत थांबली, तर खेळाडूला किमान ३० दिवस रिंगणात उतरता येत नाही, सरावातल्या झटापटीही बंद. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा तसे घडले तर बंदी ९० दिवसांची आणि वर्षात तिसऱ्यांदा घडले तर वर्षभराची. मुष्टियोद्ध्याच्या नोंदवहीत ते लिहिले जाते; दुसऱ्या गावच्या स्पर्धेत गेला तरी वही बरोबर येते. क्रीडावैद्यकाचे सर्वसाधारण मतही याच दिशेचे आहे. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग हलका व्यायाम, त्रास वाढत नाही असे पाहून एकेक पायरी वर आणि अंगाला अंग भिडणारा सराव सर्वांत शेवटी, वैद्यकीय संमतीनंतर.

यात्रेच्या कुस्तीला अशी वही नाही. मंगळवारी एका गावात डोक्यावर आपटलेला मल्ल शुक्रवारी दहा कोसांवरच्या दुसऱ्या गावात लढतो आणि तिथल्या पंचांना मंगळवारची गोष्ट ठाऊक असण्याचे कारणच नसते. ठाऊक असतो तो फक्त वस्ताद. पोराचे डोळे कसे दिसतात, तो शब्द विसरतो का, नेहमीच्या डावात हात उशिरा पडतो का, हे वस्तादाइतके कुणालाच कळत नाही. पण वस्तादालाही माहीत असते की, हंगाम चार-पाच महिन्यांचा आहे. दूध, तूप, बदाम, थंडाई असा पैलवानाचा खुराक शेतकरी घराला परवडत नाही. तो बऱ्याच अंशी इनामांतून निघतो. महिनाभर घरी बसायचे म्हणजे तेवढ्या मैदानांवर पाणी सोडायचे. पोरगा 'काही होत नाही' म्हणतो, त्यामागे हिमतीइतकाच हा हिशेबही असतो. तो हिशेब दुर्लक्षून केवळ उपदेश करणे शहरात बसून सोपे आहे.

अलीच्या डॉक्टरचे पत्र

लढणाऱ्याला थांब कुणी म्हणायचे, हा प्रश्न जगातल्या सर्वांत प्रसिद्ध मुष्टियोद्ध्यालाही सुटला नाही. तरुण अली चपळ होता. ठोसे त्याला लागतच नसत. बंदीनंतर १९७० मध्ये परतलेला अली पूर्वीइतका चपळ उरला नव्हता आणि त्याच काळात त्याला स्वतःविषयी एक घातक शोध लागला : आपण मार सोसू शकतो. ८ मार्च १९७१ रोजी फ्रेझरच्या डाव्या ठोशाने पंधराव्या फेरीत तो पाठीवर पडला आणि काही सेकंदांत उभा राहिला. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात तो दोरांना टेकून फोरमनचे ठोसे झेलत राहिला आणि आठव्या फेरीत थकलेल्या फोरमनला त्याने पाडले. १९७५ मध्ये मनिलात फ्रेझरबरोबर चौदा फेऱ्या. क्रीडापत्रकारितेने या लढतींवर जितके लिहिले, तितके क्वचितच दुसऱ्या कशावर लिहिले असेल. लिहिणाऱ्यांचा भर अर्थातच त्याच्या सोसण्यावर होता.

सप्टेंबर १९७७ मध्ये शेव्हर्सबरोबर पंधरा फेऱ्या झाल्यानंतर अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको यांच्या हाती तपासणीचा अहवाल आला; मूत्रपिंडांवर परिणाम झाल्याचे त्यात दिसत होते. पाचेको यांनी अली, त्याची पत्नी आणि त्याच्या गोटातील मंडळी यांना पत्रे लिहून निवृत्तीचा सल्ला दिला. उत्तर आले नाही. पाचेको यांनी काम सोडले. १९८० च्या ऑक्टोबरमध्ये ३८ वर्षांच्या अलीला होम्सने दहा फेऱ्या बडवले. तरी आणखी एक लढत तो १९८१ च्या डिसेंबरमध्ये खेळलाच. १९८४ मध्ये त्याच्या पार्किन्सनच्या विकाराचे निदान झाले. त्यात ठोशांचा वाटा नेमका किती, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. त्याचा समकालीन जेरी क्वारी याच्या बाबतीत तसा संशय कुणी घेत नाही. 'अंगावर घेऊन लढणारा' म्हणून गाजलेला क्वारी पन्नाशीत स्वतःचे कपडे घालू शकत नव्हता. जानेवारी १९९९ मध्ये ५३ व्या वर्षी तो वारला.

मुष्टियोद्ध्यांच्या या अवस्थेचे वैद्यकीय वर्णन अमेरिकी शरीरविकृतितज्ज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच केले होते. अडखळती चाल, जड जीभ, मंदावलेली बुद्धी. पुढे कळले ते असे की, एखाद्या मोठ्या आघातापेक्षा वर्षानुवर्षे बसणारे लहान-लहान आघात अधिक नुकसान करतात आणि त्यांत सरावातले आघात सर्वाधिक असतात. म्हणजे ज्याची 'हनुवटी चांगली' तोच अधिक काळ, अधिक ठोसे खातो. जो एका ठोशात पडतो तो निदान घरी जातो. मार सोसण्याच्या क्षमतेचे कौतुक करताना हा उलटा न्याय लक्षात घेतला जात नाही. मेंदूच्या या दीर्घकालीन ऱ्हासाचे पक्के निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते.

फोरमनचे उदाहरण याउलट दिले जाते. १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी मायकेल मूररकडून नऊ फेऱ्या मार खाऊन दहाव्या फेरीत त्याने जगज्जेतेपद परत मिळवले आणि २०२५ च्या मार्चमध्ये मृत्यू येईपर्यंत तो बोलका, हसरा होता. त्याने मध्यंतरी, १९७७ ते १९८७, दहा वर्षे एकही लढत खेळली नव्हती, हे मात्र सांगितले जात नाही.

सावरण्याचा खरा धडा बहुधा लेनॉक्स लुईस आणि व्लादिमिर क्लिचको यांच्याकडून घ्यावा. लुईस १९९४ मध्ये ऑलिव्हर मॅकॉलकडून दुसऱ्याच फेरीत हरला. २००३ आणि २००४ या दोन वर्षांत क्लिचको कोरी सँडर्स आणि लॅमन ब्रूस्टर यांच्याकडून मुदतीआधी हरला. दोघांच्याही नावापुढे 'जबडा कच्चा' असा शिक्का बसला. दोघांनाही पुढे घडवणारा प्रशिक्षक एकच, इमॅन्युएल स्टुअर्ड; लुईसला पाडणाऱ्या मॅकॉलच्या कोपऱ्यात त्या रात्री तोच बसला होता, ही गंमत. त्याने दोघांचीही हनुवटी मजबूत करण्याच्या भानगडीत वेळ घालवला नाही. लांब डाव्या हाताने अंतर राखायचे, जवळ आला तर मिठी मारायची, मार खायचाच नाही, असे तंत्र त्याने घडवले. लढती रुक्ष झाल्या, प्रेक्षक कुरकुरले. पण क्लिचको २००६ पासून २०१५ पर्यंत विजेता राहिला.

रुग्णवाहिका आणि टॅक्सी

सुविधांच्या बाबतीत श्रीमंत देशांचा दाखला द्यावा, तर तोही जपूनच. २ नोव्हेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रशियाचा हेवीवेट मागोमेद अब्दुसलामोव दहा फेऱ्या उभा राहून हरला. एकदाही आडवा झाला नाही. लढतीनंतर डॉक्टरांनी पाहिले, चेहऱ्याला टाके घातले आणि डोके दुखते म्हणणारा हा खेळाडू टॅक्सीने रुग्णालयात गेला. मेंदूत रक्त साकळले होते. शस्त्रक्रियेने जीव वाचला. बोलणे आणि चालणे गेले. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने त्याच्या कुटुंबाशी २ कोटी २० लाख डॉलरची तडजोड केली. जगातल्या सर्वांत नामांकित रिंगणाबाहेर, मोठ्या रुग्णालयांच्या शहरात, गेलेली मिनिटे परत आणता आली नाहीत. आपल्याकडे २०२२ च्या जुलैमध्ये बंगळुरूत किकबॉक्सिंगच्या स्पर्धेत एका ठोशाने कोसळलेला म्हैसूरचा तरुण खेळाडू नंतर मरण पावला. तिथेही मैदानावरच्या वैद्यकीय सोयींबद्दल प्रश्न विचारले गेले.

शाहूवाडीत मिनिटांचा हा हिशेब अधिक कठीण आहे. तालुका लांबट, पावसाळी, वाड्या-वस्त्यांत विखुरलेला. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरच्या मलकापूरपासून कोल्हापूर सुमारे ४५ किलोमीटर. आंब्याच्या किंवा विशाळगडच्या बाजूच्या गावांतून आधी मलकापूर गाठायचे तेच घाटवळणांचे. मेंदू आणि मणक्यांच्या शस्त्रक्रियेसाठी कोल्हापूरला जाण्यावाचून इलाज नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. पण बोलावल्यावर ती येईपर्यंत काय होते, हे अधिक महत्त्वाचे. मैदानात मल्ल मानेवर पडला, की चारजण धावतात. कुणी त्याला बसवतो, कुणी पाणी तोंडाला लावतो, कुणी मान चोळतो, 'ओढून सरळ करा' असा सल्ला येतो. सारे मायेपोटी. मणका सरकलेला असेल, तर याच मायेने मज्जारज्जू कायमचा चिरडू शकतो. डोके आणि मान हाताने आहे तशी स्थिर धरणे, हलवायचेच झाल्यास डोके, धड, पाय एका रेषेत ठेवून फळीवर घेणे, हातपायांना मुंग्या येतात का, बोटे हलतात का हे विचारणे, एवढे तालमीतल्या चार मोठ्या पोरांना एका दुपारी शिकवता येते. त्याला शासकीय योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. मानेचा पट्टा आणि फळी यांचा खर्च यात्रा समितीच्या मांडवखर्चापुढे नगण्य आहे.

या मुलखात जखमी होऊन लढत राहण्याला फार मोठी परंपरा आहे. विशाळगडाच्या वाटेवरची पावनखिंड याच तालुक्यात. १३ जुलै १६६० च्या त्या लढ्यात बाजीप्रभूंना थांबणे शक्य नव्हते. गडावर राजे पोचायचे होते. यात्रेच्या मैदानात तसे काहीही पणाला लागलेले नसते. परंतु भाषणांत आणि निवेदकाच्या ध्वनिक्षेपकावरून दोन्ही गोष्टी एकाच सुरात सांगितल्या जातात आणि आपटलेल्या पोराला आडवे राहणे लाजिरवाणे वाटू लागते.

मराठी मुलखाने हेवीवेट मुष्टियोद्धे फारसे दिले नाहीत. थोराड अंगाचा पोरगा इथे तालमीत जातो. पंजाबात कौरसिंग घडला, ज्याने १९८० मध्ये दिल्लीत अलीबरोबर प्रदर्शनीय लढत खेळली आणि १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, भारताचा पहिला सुपरहेवीवेट सतीशकुमार चेहऱ्यावर १३ टाके घेऊन उझबेकिस्तानच्या बखोदिर जलोलोवसमोर उतरला आणि हरूनही देशभर वाखाणला गेला. त्या वाखाणणीत एक बारकावा निसटला. त्याच्या जखमा कातडीच्या होत्या, डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली होती. कातडी फाटली तर रक्त दिसते. मेंदू हादरला तर काहीच दिसत नाही. सैन्यात जाणाऱ्या इथल्या मुलांना ही शिस्त पाहायला मिळते. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये मुष्टियुद्ध आणि कुस्ती हे दोन्ही खेळ एकाच आवारात शिकवले जातात. गावाकडच्या तालमीपर्यंत ती शिस्त आणणे हे काम तालुका पातळीवरच्या कुस्ती संघटनेला आणि वस्तादांना मिळून करता येण्याजोगे आहे. मल्लाच्या नावाची एक साधी वही, तीत मैदानाची तारीख आणि 'डोक्यावर पडला' एवढी नोंद, तिच्यावर दोन्हीकडच्या वस्तादांची सही. वही दाखवल्याशिवाय जोड लावायची नाही.

अडचण पंचांची राहील. कुस्तीच्या पंचाची नजर घडलेली असते ती पाठ आणि खांदे पाहायला. चीतपट झाली का, खांदे टेकले का, यावर त्याचा निर्णय आणि त्यावरच मैदानातला वाद. पडलेल्या मल्लाच्या डोळ्यांत पाहून त्याला त्याचे नाव, गाव आणि समोरच्या गड्याचे नाव विचारणे हे पंचाचे काम आहे, असे अजून कुणी ठरवलेले नाही. मुष्टियुद्धात पंच आठ आकडे मोजतो ते त्यासाठीच. त्या वेळात तो खेळाडूचे डोळे पाहत असतो. चैत्रातल्या मैदानांची बोलणी गावोगाव दोन-तीन महिने आधी सुरू होतात. इनामाचे आकडे, हलगीवाले, निवेदक आणि पंच त्याच बैठकांत ठरतात.